आखरावर गाड्या उभ्या करण्याबाबत

बोरदरा, ता. आर्णी
३ जुलै २००५

ती. सुचित्राआत्यास,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण अंगणात घोटाभर चिखल आहे, म्हणून उभ्यानेच नमस्कार. फोन न करता पत्र लिहितोय, कारण ‘फोनवर बोललेलं दप्तरी लागत नाही’ हे तुझंच वाक्य आहे आणि काम दप्तरी लागणारं आहे.

माझ्या दोन मेटाडोर आणि एक ॲपे सध्या एस.टी.च्या थांब्यापाशी उभ्या असतात. म्हणजे उभ्या असायच्या. मागच्या आठवड्यात बसच्या ड्रायव्हरने खाली उतरून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली आणि दुसऱ्या दिवशी पोलीस येऊन ‘रहदारीस अडथळा’ असा कागद देऊन गेले. तेव्हापासून एक गाडी शाळेमागे, एक ड्रायव्हर उकंडाच्या दारात आणि ॲपे आमच्या न्हाणीला टेकून उभी आहे. आभा म्हणते, आता आंघोळ करायलाही परवाना काढावा लागेल.

खरी अडचण पुढेच आहे. आर्णीच्या जिनिंगचा मॅनेजर म्हणतो, यंदाच्या हंगामात आपल्या भागातला सगळा कापूस तुमच्याच गाड्यांनी आणू, पण गाड्यांची जागा मंजूर असली पाहिजे. मागच्या साली कुणाची तरी गाडी रस्त्यावर उभी होती, तिला बस घासली आणि नाव जिनिंगचं खराब झालं. दसऱ्याच्या आत कागद दाखवा, म्हणतो. हे काम मिळालं तर धंदा उभा राहील. नाही मिळालं तर गाड्या विकून मला सलीलदादाकडे पुण्याला नोकरीला जावं लागेल, हे मी आभालाही सांगून ठेवलंय.

गावाच्या तोंडाशी, डांबरी रस्त्याला लागून लांबलचक मोकळी पट्टी आहे. आखर म्हणतात तिला. सकाळी गुरं रानात जायला तिथे जमतात, तेवढं सोडलं तर दिवसभर कुत्रंही फिरकत नाही. जागा बांधकाम खात्याची आहे. तिथे गाड्या उभ्या करायची परवानगी मागायची आहे. आणि असा अर्ज अख्ख्या जिल्ह्यात तुझ्यासारखा कोणी लिहीत नाही, हे कचेरीतून तू निवृत्त झालीस तरी कचेरी अजून म्हणते. तेव्हा लिहून दे.

तुझा,
पियूष

*

यवतमाळ
९ जुलै २००५

चि. पियूष यास आशीर्वाद, आभाला दुप्पट, कारण ती तुझ्याबरोबर राहते.

मस्का पोचला. जरा जास्तच पातळ होता. तरी अर्ज लिहिला, कारण हाताला चैन पडत नाही. कोपऱ्यावरचा चहावाला नळजोडणीसाठी आला होता, त्याला उठवून तुझा आधी केला. नीट उतरवून घे आणि स्वतःची अक्कल एका अक्षरालाही लावू नकोस.

‘विषय : मौजे बोरदरा येथील रस्त्यालगतच्या शासकीय मोकळ्या जागेत मालवाहू वाहने उभी करण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की, अर्जदार हा सुशिक्षित बेरोजगार असून त्याने स्वबळावर मालवाहतुकीचा व्यवसाय सुरू केलेला आहे. सदर जागा विनावापर पडीक असून सदर जागेवर सदर वाहने उभी केल्यास कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही...’

पुढचं वेगळ्या कागदावर जोडलंय. तू सुशिक्षित आहेस हे तुझ्या बारावीच्या मार्कांवरून वाटत नाही, पण साहेब लोकांना ते शब्द जोडीने वाचायची सवय असते.

आता माझं ऐक. तुझे बाबा त्या गावात मास्तर म्हणून गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. ते झालं ते झालं. तू कशाला तिथे मुळं धरून बसलास, हे मला कळलेलं नाही. माझ्या सलीलच्या कंपनीत स्टोअरमध्ये जागा होणार आहे. तो कालच बोलला. बांधलेला पगार, डोक्यावर पंखा आणि गाडी उभी करायला कंपनीची जागा. मी तर म्हणते, जा. अर्ज करायचा तो कर, पण जायची तयारी ठेव.

तुझी आत्या

*

बोरदरा
२२ जुलै २००५

ती. आत्यास,

तुझ्या अर्जाने आर्णीत काय रुबाब केला म्हणून सांगू. बांधकाम खात्याच्या साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, ‘वकील कोण?’ मी म्हटलं, आत्या. त्यांनी खुर्ची दिली.

साहेब म्हणाले, आमची काही अडचण नाही, फक्त ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणा. आता सरपंच आहेत कांताबाई. त्यांच्या नातवाला शाळेत बाबांनी शिकवलंय. त्या म्हणाल्या, ‘पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठेवू जी, कोनाले काय अडचन राह्यते?’ म्हणजे काम झाल्यातच जमा आहे.

एक गंमत सांगतो. इथे मारोतराव म्हणून जुने पाटलासारखे गृहस्थ आहेत. पोळ्यात मानाची जोडी त्यांची असते. परवा ते आखरावर आले आणि कितीतरी वेळ नुसते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. मग मला विचारलं, ‘तुही मेटाडोर किती रुंद हाये रे?’ मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गेले. म्हातारा आपल्या बाजूचा दिसतोय. गाड्या कशा बसतील याचा हिशेब माझ्याआधी त्यांनी केला.

पुण्याच्या जागेचं वाचलं. डोक्यावरच्या पंख्याचं आकर्षण आहे, कारण इथे पंखा असून लाइट नसते. पण अजून तरी मन होत नाही.

तुझा,
पियूष

*

यवतमाळ
२९ जुलै २००५

चि. पियूष,

मारोतराव आपल्या बाजूचा वगैरे काही नाही. जो माणूस दुसऱ्याच्या अर्जाची जागा पावलांनी मोजतो, त्याला ती स्वतःला हवी असते. माझ्या अख्ख्या नोकरीत असे पुष्कळ पाहिले. त्याचा कोणी पुतण्या जीप चालवतो का, ते आधी बघ.

ग्रामसभेत स्वतः बोलू नकोस. तू बोलायला लागलास की हसतोस आणि हसणाऱ्याला कोणी दाखला देत नाही. अर्ज ग्रामसेवकाकडून मोठ्याने, अक्षरन् अक्षर वाचून घे. माझ्या अर्जाचं वाचन झालं की माणसं गप्प होतात.

तुझी आत्या

*

बोरदरा
१६ ऑगस्ट २००५

ती. आत्यास,

माणसं गप्प झाली. तुझं म्हणणं खरं ठरलं. फक्त पुढे बोलू लागली, ते तू सांगितलं नव्हतंस.

झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटून झाली आणि शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. ग्रामसेवकाने तुझा अर्ज अगदी कीर्तनकाराच्या आवाजात वाचला. ‘सुशिक्षित बेरोजगार’ला उकंडाने टाळी वाजवली. पुढे ‘सदर जागा विनावापर पडीक असून’ हे आलं आणि मारोतराव उठून उभे राहिले.

‘थांब बे. पुन्हा वाच थे.’

ग्रामसेवकाने पुन्हा वाचलं.

‘पडीक? आमचा आखर पडीक? पोळा कोठी भरते मंग, तुह्या ग्रामपंचायतीच्या गच्चीवर?’

मग सगळेच बोलायला लागले. कोणी म्हणालं, आमच्या आज्याच्या आज्यापासून तिथे बैलं उभी राहतात. कोणी म्हणालं, पडीक वावर असते, आखर कायले पडीक राहीन? एका बाईने तर मला थेट विचारलं, ‘भाऊ, तुमच्या लग्नाची वरात कोठून आलती? पडीकातूनच ना?’ आणि ते खरंच आहे, आत्या. वरात आखरावरूनच आली होती. तूही तिच्यात होतीस, फेटा बांधून.

मी म्हटलं, चूक झाली, मी लिहिलं, माफी असावी. तर मारोतराव मलाच हसले. ‘तू नाही लिवलं. पंधरा वर्सं झाले तुले ऐकून राह्यलो, तुह्या तोंडून “सदर” कधी नाही निंगालं. कोनं लिवलं थे सांग.’

खोटं बोलायला जागा नव्हती. मी म्हटलं, आत्याने.

‘मास्तरची बहीन?’ असं म्हणून ते जरा शांत झाले. मग कांताबाईंकडे वळून म्हणाले, ‘नाही म्हनून नका लिहू बाई. पन हो बी म्हनू नका. जिनं पडीक म्हनलं तिनं पोळ्याले इथं येऊन आखर पाहावा. मंग बोलू.’ आणि कांताबाईंनी हेच जसंच्या तसं ठरावात लिहून घेतलं. सरकारी ठरावात तुझं नाव आलंय. आता तू गावाच्या दप्तरी लागलीस.

मारोतरावांचा पुतण्या वगैरे जीप चालवत नाही. त्यांना पुतण्याच नाही.

पोळा ३ सप्टेंबरला आहे. शनिवारच आहे. येशील ना?

तुझा,
पियूष

*

यवतमाळ
२१ ऑगस्ट २००५

चि. पियूष,

मी येणार नाही.

जन्मभर मी मोकळ्या सरकारी जमिनीला पडीक लिहिलं. तहसीलदारांनी लिहिलं, कलेक्टरांनी त्यावर सही केली. त्यात अपमान कसला? ज्या जमिनीवर पीक नाही, बांधकाम नाही, ती पडीक. वर्षातून एक दिवस बैल उभे राहिले म्हणून काय तिला महाल म्हणायचं? आणि ‘मंग बोलू’ असा ठराव असतो का कुठे? मला दाखव असा एक ठराव, मी निवृत्तिवेतन परत करते.

त्यातून माझं वय आता एस.टी.च्या मागच्या सीटवर उडत यायचं नाही. तिथे चारचौघांत कोणी तरी माझी टिंगल करणार आणि मी ती ऐकून घ्यायची. नको.

उलट तू एक कर. गावाला बाजूला ठेव. इथे जिल्ह्याच्या कचेरीत माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता मोठ्या खुर्चीवर आहे. वरून एक फोन गेला की आर्णीचे साहेब दाखल्याशिवायही हो म्हणतील. सांग, बोलू का तिच्याशी?

आणि तेही नको असेल तर सरळ पुण्याला जा. सलील म्हणतो, जागा महिनाअखेरपर्यंतच अडवून धरता येईल. मी तर पहिल्यापासून जा म्हणते.

तुझी आत्या

*

बोरदरा
२८ ऑगस्ट २००५

ती. आत्यास,

वरून फोन नको. वरून फोन आला तर गाड्या उभ्या राहतील, पण त्यांच्यात कापूस कोण भरणार? ज्यांच्या नाकावर टिच्चून जागा घ्यायची, गिऱ्हाईकं तीच आहेत.

तुला सांगायचं म्हणून नव्हे, पण काल मी मारोतरावांकडे गेलो होतो. वाटलं, चिडलेले असतील. तर दुधाचा चहा केला त्यांनी. म्हणाले, ‘तुह्यावर राग नाही रे. पन पाय. दोन सालं कापसानं दगा देला. लोकाईनं जोड्या विकल्या. बैलं गेले, बैलबंड्या वावराच्या धुऱ्यावर उलट्या पडल्या. कापूस तुह्या गाडीत जाते, चांगली गोष्ट हाये. पन आता जागाबी गाडीचीच झाली, त पोळा कोठी भरवू?’ आत्या, ज्याचे बैल विकले जातात तो माझ्या मेटाडोरचं गिऱ्हाईक होतो, हे मी धंदा करताना कधी डोक्यातच घेतलं नव्हतं.

तू येणार नाहीस, आणि तू आल्याशिवाय इथे पान हलणार नाही. म्हणून मी ठरवलं. ३१ तारखेला नागपूरहून पुण्याची गाडी पकडतोय. सलीलदादाला फोन केलाय. आभा सध्या इथेच राहील. गाड्यांच्या किल्ल्या उकंडाकडे दिल्यात. गिऱ्हाईक मिळालं की विकायच्या. उकंडाने किल्ल्या घेतल्या आणि काही बोलला नाही. उकंडा गप्प बसला म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही. तो झोपेतही बोलतो.

तुझ्यावर राग नाही. अर्ज झकासच होता. यापुढचं पत्र सलीलदादाच्या पत्त्यावर पाठव.

तुझा,
पियूष

*

बोरदरा
५ सप्टेंबर २००५

चि. पियूष,

वर गाव वाचलंस ना? मी तुझ्या घरात, तुझ्या खुर्चीवर बसून लिहितेय. ॲपे अजून न्हाणीला टेकलेली आहे आणि आंघोळीचे हाल आभा म्हणते तसेच आहेत.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आभाचा फोन आला. एवढंच म्हणाली, ‘आत्या, ते गेले. तुम्ही या.’ मी म्हटलं, मी येऊन काय करू? तर म्हणते, ‘काही करू नका, नुसत्या या.’ मग मला घरात बसवेना. मागच्या सीटवर उडत आले.

आले ती पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. इथे रीत आहे की त्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात आणि त्यांना म्हणतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ तुझ्या अंगणात येऊन बघते तर उकंडा तुझ्या दोन्ही मेटाडोरच्या बॉनेटला हळद चोळतोय आणि त्यांना अगदी तोंडाजवळ जाऊन आवतन देतोय. मी विचारलं, अरे, हे काय? तर म्हणाला, ‘मालकानं इकाले सांगितलं आत्याबाई. पन उपाशी कसं इकू?’ मी आत जाऊन पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कांताबाई मला घेऊन आखरावर गेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं. जोड्या येत होत्या. शिंगं रंगवलेली, झुली, गळ्यात घुंगरं. पण पियूष, रांग भरेना. इथे एक जोडी, मग रिकामं, पुढे दोन जोड्या, पुन्हा रिकामं. मला कचेरीची सवय. मी मारोतरावांना म्हटलं, ‘एवढी मोकळी जागा मध्ये कशाला? सगळ्यांना जवळ जवळ सरकवा, म्हणजे रांग नीट दिसेल.’

ते हसले नाहीत. म्हणाले, ‘थे मोकळं नाही बाई. थ्या रामधनची जागा हाये. मागच्या साली जोडी इकली त्यानं. थ्या पल्याडची मानीबाईची, तिचा पोरगा सुरतेले गेला. ज्याची जागा त्याची राह्यते. उद्या जोडी घेतली का येऊन उभी करन. आपन भरून टाकली त थो कोठी उभा राहीन?’

आणि तो रामधन खरंच तिथे उभा होता. बैलाशिवाय, धुतलेलं धोतर नेसून, स्वतःच्या जागेवर. मी ‘विनावापर’ लिहिलं होतं ते त्या जागेला. मला फार लाज वाटली.

मग झडत्या सुरू झाल्या. तुला माहीत आहेच, पोळ्यात एकाने रचून म्हणायचं आणि सगळ्यांनी शेवटी हर हर महादेव करायचं. पहिलीच झडती तुझ्या उकंडाने म्हटली, माझ्याकडे बघून :

‘यवतमाळची आत्याबाई, कागद लिहे झकास,
आखराले पडीक म्हने, पुसलं नाही गावास.
बैल म्हनते, आत्याबाई, चष्मा पुसून पाह्य,
ज्याले तू पडीक म्हनते, थे आमचं घर हाय.’

अख्खा आखर हसला. ज्या टिंगलीला घाबरून मी येत नव्हते ती तोंडावर झाली, आणि काय सांगू, मला काही झालं नाही. उलट कांताबाई म्हणाल्या, झडतीले झडतीनं उत्तर द्या लागते. आता मी काय कवयित्री आहे? पण चाळीस माणसं तोंडाकडे बघत असली की हात आपोआप मसुद्याकडे वळतो. मी पदर खोचला आणि म्हटलं :

‘सदर बाई कबूल करते, चूक झाली फार,
सदर गावी भाच्याला द्या कोपरा एक उधार.’

हर हर महादेव एवढ्या जोरात झालं की मारोतरावांचा डावीकडचा बैल बुजला. ‘सदर’ आता इथे पोरासोरांच्या तोंडी आहे. सकाळी एक पोर मला म्हणालं, सदर आजी, दूध आणलं.

तोरण तोडून पोळा फुटायच्या आधी उकंडाने तुझ्या दोन्ही मेटाडोर आणल्या. चवऱ्या, फुगे, आरशांना गोंडे. मला वाटलं, आता म्हातारा भडकतो. मेटाडोर एका रिकाम्या जागेकडे वळल्या तसा तो खरंच काठी आडवी धरून उभा राहिला. ‘थ्या जागेत नाही. थे रामधनची हाये.’ मग तो सगळी रांग चालत गेला, अगदी शेवटच्या जोडीच्याही पलीकडे, जिथे रस्ता वळतो तिथे. काठीने रेघ ओढली आणि म्हणाला, ‘इथून मास्तरच्या पोराची.’ तेव्हा कळलं, जुलैत तो पावलांनी काय बघत होता. कोणाचीही जागा न मोडता तुझी कुठे बसते, हे तो बघत होता. मी त्याच्याबद्दल जे लिहिलं होतं ते पत्र फाडून टाक.

संध्याकाळी उकंडा मेटाडोर घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागत फिरला, बैल नेतात तसा. लोकांनी चाकांवर पाणी घातलं आणि ओवाळलं. आभाने गाड्यांना पुरणपोळी दाखवली आणि मग ती उकंडाने खाल्ली.

आता कामाचं. कांताबाई म्हणतात, दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दाखला होईल. वर्षभर गाड्या त्या टोकाला उभ्या राहतील, पोळ्याला रांगेत येतील. नवा अर्ज मी लिहिला आणि पाठवायच्या आधी मारोतरावांना वाचून दाखवला. जिनिंगच्या मॅनेजरला जाता जाता भेटून येते. पण मारोतरावांनी एक अट घातली आहे. म्हणाले, ‘जागा गाडीची नाही राहत बाई, मानसाची राह्यते. पोरगा पुन्यात अन् गाड्या आखरावर, असं नाही जमनार. थो येत असन त रेघ ठेवतो. नाही त पुसतो.’

मी त्यांना म्हटलं, ठेवा. तुला न विचारता म्हटलं.

पियूष, मी तुला जा, जा म्हणत होते ना, ते मनातलं नव्हतं. सलील गेला तेव्हाही असंच म्हटलं होतं. मुलांना अडवू नये असं वाटतं आणि तोंडातून उलटंच निघतं. यवतमाळहून बोरदरा फार लांब नाही. बसमध्ये बसलं की दुपारच्या जेवणाला पोचता येतं. एवढ्या अंतरावर आपलं एक माणूस असावं, असं मला वाटतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सलीलला सांग, त्या स्टोअरच्या जागेवर दुसरा कोणी बघ.

तू परत ये.

तुझी आत्या

*

पुणे
१० सप्टेंबर २००५

ती. आत्यास,

मी सोमवारच्या गाडीने निघतोय. स्टोअरमध्ये तीन दिवस काम केलं. पंखा खरंच डोक्यावर होता. उकंडाला फोन करून सांगितलं की गाड्या विकायच्या नाहीत. तो पाऊण तास बोलला, त्यातलं अर्धं मेटाडोरच्या नव्या गोंड्यांबद्दल होतं. मारोतरावांना निरोप दिलाय की रेघ पुसू नका.

एक सांगायचं राहिलं. तुझं पत्र मी नव्हतो तेव्हा आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून सलीलदादाने ते स्वतःला आलंय असं समजून फोडलं. मी आलो तेव्हा तो दाराशी बूट घालून उभा होता, कंपनीची बस कधीच गेली होती. मला बघून त्याने पत्र माझ्या हातात दिलं. म्हणाला, ‘तुझं आहे.’ मी वाचत असताना तो आत गेला नाही. माझं वाचून झाल्यावर म्हणाला, ‘मी निघालो तेव्हा आई स्टेशनवर म्हणाली, खुशाल जा, आमची काळजी करू नकोस. मला वाटलं, तिला खरंच चालतंय.’

त्यानेच माझं तिकीट काढलं. खिडकीवर उभा होता तेव्हा त्याने विचारलं, नागपूरला उतरल्यावर यवतमाळची बस कुठून मिळते. ही वाट त्याला माझ्याइतकीच पाठ आहे. मी सगळं नीट सांगितलं.

त्याला दिवाळीची सुट्टी किती मिळते ते मला माहीत नाही. पण आत्या, मला लिहिलंस तसं शेवटचं पान त्यालाही लिही.

तुझा,
पियूष